खडकीची वॉर सिमेट्री: भर उन्हाच्या प्रदेशात युद्धातल्या कबरी कशा जपतात आणि तिथे गेल्यावर कसं वागायचं?

पुण्यात होळकर पुलाजवळ, मुळा रोडवर एक मोठं हिरवं मैदान आहे. एकसारख्या दगडांच्या सरळ रांगा, मध्ये उंच क्रूस, कडेने झाडं. इन्स्टाग्रामवर या जागेचे फोटो अधूनमधून फिरत असतात आणि खाली प्रश्न असतात. इथे कोणाला पुरलंय? ही इंग्रजांची जागा आहे का? आत जाऊ देतात का? आणि मे महिन्यात आजूबाजूचं गवत वाळलेलं असताना इथलं हिरवं कसं राहतं?

ही आहे खडकीची वॉर सिमेट्री, म्हणजे युद्ध दफनभूमी. तिच्याबद्दलच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

इथे नक्की कोण आहेत?

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. खडकीचं नाव निघालं की अनेकांना ५ नोव्हेंबर १८१७ ची पेशवे आणि इंग्रजांमधली खडकीची लढाई आठवते. या कबरींचा त्या लढाईशी संबंध नाही.

इथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी, छावण्यांच्या आणि गावांच्या दफनभूमींमध्ये त्या विखुरलेल्या होत्या. तिथे त्यांची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, म्हणून त्या इथे एकत्र आणल्या गेल्या. खडकीची दफनभूमी त्यासाठीच तयार करण्यात आली.

आत एक स्मारकही आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावं त्यावर आहेत. भारत आणि पाकिस्तानातल्या ज्या जुन्या दफनभूमींमध्ये हे सैनिक पुरले गेले, तिथल्या कबरींची देखभाल पुढे शक्य राहिली नाही. त्यापैकी ६२९ जणांचे अवशेष एप्रिल १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून इथे आणून पुन्हा पुरले गेले.

दुसऱ्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या जवळपास २०० सैनिकांची नोंदही इथे आहे. त्यांच्या कबरी एकतर सापडल्या नाहीत किंवा सांभाळता येतील अशा जागी नव्हत्या.

थोडक्यात, खडकीत जे आहेत त्यातले बहुतेक आधी दुसरीकडे होते. कबर सांभाळणारं कोणी उरलं नाही की तिचं काय होतं, हे या जागेच्या इतिहासातच दिसतं.

देखभाल कोण करतं? पैसे कोण देतं?

ही जबाबदारी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची आहे. फॅबियन वेअर यांच्या प्रयत्नातून २१ मे १९१७ रोजी, पहिलं महायुद्ध चालू असतानाच, ही संस्था स्थापन झाली. तेव्हा तिच्या नावात 'कॉमनवेल्थ'च्या जागी 'इम्पीरियल' असा शब्द होता. आजचं नाव १९६० पासूनचं. दोन महायुद्धांत मरण पावलेल्या सुमारे १७ लाख सैनिकांच्या स्मृती ही संस्था जपते आणि तिचं काम दीडशेहून अधिक देशांत चालतं.

तिचे सदस्य देश सहा आहेत: ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत. ज्या देशाचे जितके सैनिक, त्या प्रमाणात त्याचा खर्चातला वाटा ठरतो. भारत या खर्चाचा भागीदार आहे. त्यामुळे खडकीची दफनभूमी 'फक्त इंग्रजांची' आहे हे म्हणणं बरोबर ठरत नाही.

सगळे दगड एकसारखे का?

संस्थेचे काही नियम सुरुवातीलाच ठरले. प्रत्येक मृताचं नाव कबरीवर किंवा स्मारकावर कोरायचं. दगड कायमस्वरूपी असावेत. हुद्दा, वंश किंवा धर्म यावरून भेद करायचा नाही. म्हणून कर्नल आणि शिपाई शेजारी शेजारी असले तरी दोघांचे दगड सारखेच असतात. प्रमाण मापाचा उभा दगड साधारण ८१ सेंटिमीटर उंच आणि ३८ सेंटिमीटर रुंद असतो. मृतदेह मायदेशी न्यायचे नाहीत, असंही ठरलं. श्रीमंत घराण्याचा मुलगा घरी आणि गरिबाचा परदेशात, असं होऊ नये हा त्यामागचा विचार होता.

हे धोरण ठरवताना शब्दांच्या कामात मदत करणारे लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा १९१५ मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत मारला गेला.

पण समानतेचा हा नियम सगळीकडे पाळला गेला नाही. संस्थेनेच नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांची नोंद इतरांच्या बरोबरीने झाली नाही. त्यात मुख्यतः भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन होते. आणखी किमान १,१६,००० जणांची नावानिशी नोंद झाली नाही किंवा मुळीच झाली नाही. हा आकडा ३,५०,००० पर्यंतही असू शकतो, असं अहवाल सांगतो. संस्थेने याबद्दल माफी मागितली.

याचं ठळक उदाहरण इराकमधलं बसरा स्मारक. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणीही लढल्या होत्या. या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचं नाव आणि मृतांचा आकडा एवढंच होतं.

हिंदू आणि शीख सैनिकांची आठवण कुठे आहे?

त्यांच्यावर शक्य तिथे अग्निसंस्कार झाले, त्यामुळे बहुतेकांची कबर नाही. त्यांची नावं स्मारकांवर आहेत. नागालँडमध्ये कोहिमाच्या दफनभूमीत अशा ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. फ्रान्समध्ये नव्ह शापेल इथल्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून अधिक नावं आहेत.

महाराष्ट्राला जवळचं उदाहरण म्हणजे नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. त्यांचं नाव इटलीतल्या कसिनो स्मारकावर कोरलेलं आहे आणि ते स्मारकही हीच संस्था सांभाळते. कोकणातल्या एका घरातल्या मुलाचं नाव इटलीतले कामगार पुसून स्वच्छ ठेवतात. खडकीतले माळी लांबच्या देशांतल्या घरांसाठी तेच काम करतात. या कुटुंबांपैकी फार थोड्यांना कधी इथवर येता येतं.

उष्ण हवामानात कबरी जपणं अवघड का असतं?

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो. त्यानंतर जून ते सप्टेंबर पाऊस आणि मग पुन्हा महिनोन्‌महिने कोरडं. एकाच वर्षात ऊन, पाणी आणि धूळ असं तिन्ही सोसावं लागतं.

जमीन: दख्खनच्या पठारावर काळी माती भरपूर आहे. ती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसून भेगाळते. वर उभा दगड असेल तर काही वर्षांत तो कलतो. म्हणून अशा दफनभूमींमध्ये अनेक ठिकाणी दगडांच्या रांगेखाली काँक्रीटची सलग तुळई घालतात आणि दगड तिच्यात बसवतात. माती हलली तरी रांग सरळ राहते.

क्षार: कोरड्या प्रदेशात जमिनीतलं पाणी वर चढतं, उडून जातं आणि क्षार दगडात साचतात. दगडाचा पृष्ठभाग हळूहळू सुटायला लागतो. इराकमधल्या अमारा दफनभूमीत याचा इतका त्रास झाला की १९३३ मध्ये तिथले सगळे दगड काढावे लागले आणि नावं एका भिंतीवर कोरावी लागली.

गवत: उन्हाळ्यात हिरवळ टिकवायची तर पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्यावं लागतं. दुपारी दिलेलं पाणी मुळांपर्यंत पोचण्याआधीच उडून जातं. कडक उन्हात गवत अगदी बुडापासून कापत नाहीत, कारण थोडं उंच गवत स्वतःच्या मुळांवर सावली धरतं. आपली हरळी, म्हणजे दूर्वा, उष्ण हवेत चांगली तग धरते. ती वरून वाळलेली दिसली तरी पाऊस पडताच पुन्हा फुटते.

फुलझाडं: दगडांच्या पायथ्याशी बुटकी फुलझाडं लावण्याची पद्धत आहे. ती शोभेसाठी असतात असं वाटतं, पण त्यांचं एक कामही आहे. जोराच्या पावसात उघड्या मातीचे शिंतोडे उडून दगड मळतो. झाडं ते शिंतोडे अडवतात. झाड मात्र कोरलेला मजकूर झाकेल इतकं वाढू द्यायचं नसतं.

शेवाळ: पावसाळ्यात दगडांवर हिरवा-काळा थर चढतो. तो साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढतात. तारेचा ब्रश, ॲसिड किंवा घरातलं टॉयलेट क्लीनर चालत नाही. संगमरवर आणि चुनखडीचा दगड ॲसिडने अक्षरशः विरघळतो. एका दिवसात दगड चकचकीत दिसतो, पण अक्षरांची धार गेलेली असते.

झाडं: सावली हवी, पण मोठ्या झाडाची मुळं दगड उचलतात. म्हणून मोठी झाडं शक्यतो कडेला ठेवतात.

ही सगळी कामं दरवर्षी पहिल्यापासून करावी लागतात. एक उन्हाळा पाणी चुकलं तर गवत जातं. दोन-तीन पावसाळे दगड धुतले नाहीत तर नाव वाचता येत नाही.

भेट द्यायला कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोयीचा काळ. सकाळी ऊन तिरपं असतं, त्यामुळे कोरलेली अक्षरंही चांगली वाचता येतात. दुपारी बाराला ऊन डोक्यावर येतं आणि अक्षरांची सावली नाहीशी होते. नाव वाचता येत नाही आणि फोटोतही दिसत नाही.

गुंजवण्याहून राजगड चढणारा अनुभवी ट्रेकर मे महिन्यात दुपारी बाराला चढायला लागत नाही. इथेही तेच गणित ठेवा. जागा सपाट असली तरी दगडांच्या रांगांमध्ये सावली नसते आणि एखादं नाव शोधण्यात तास कसा जातो ते कळत नाही. टोपी, पाण्याची बाटली आणि बंद बूट असावेत. सोबत वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर उन्हाळ्यात दहाच्या आत बाहेर पडा. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी सुरू झाली तर लगेच सावलीत बसवून थोडं थोडं पाणी द्या. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग तापून निघालं तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी अंग ओलं करून वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा.

पावसाळ्यात गवत आणि पायवाट निसरडी असते. ओल्या गवतावर खूप लोक चालले तर चिखल होतो, म्हणून त्या दिवसांत पायवाटेवरच राहणं चांगलं.

जाण्याआधी उघडण्याच्या वेळा संस्थेच्या वेबसाइटवर पाहून घ्या. ११ नोव्हेंबर हा राष्ट्रकुल देशांत स्मृतिदिन असतो. त्या सुमारास अशा जागी कार्यक्रम असतात.

एखादं नाव कसं शोधायचं?

संस्थेच्या वेबसाइटवर नाव, पलटण किंवा मृत्यूचं वर्ष टाकून शोध घेता येतो. कबर असेल तर प्लॉट, रांग आणि कबरीचा क्रमांक मिळतो. तो लिहून घेऊन गेलात तर थेट त्या दगडापाशी पोचता येतं. स्मारकावरचं नाव असेल तर कोणत्या फलकावर आहे ते कळतं.

भारतीय नावं शोधताना थोडा संयम ठेवा. जुन्या नोंदी इंग्रज कारकुनांनी ऐकून लिहिल्या आहेत. आडनाव बहुधा नसतं, वडिलांचं नाव आणि गाव असतं. 'जाधव' किंवा 'शिंदे' यांची स्पेलिंगं तीन-चार प्रकारे करून पाहावी लागतात. घरात कोणी 'पहिल्या लढाईत गेला तो परत आला नाही' असं सांगत असेल तर त्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जमल्यास पलटण एवढं जमवून शोध सुरू करा.

दगडावर काय वाचायचं?

वरच्या भागात पलटणीचं चिन्ह असतं. त्याखाली सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि माहीत असेल तर वय. मधल्या जागेत धर्माचं चिन्ह. सगळ्यात खाली काही दगडांवर एक छोटी ओळ दिसते. ती कुटुंबाने निवडलेली असते. पहिल्या महायुद्धाच्या दगडांसाठी ही ओळ ६६ अक्षरांत बसवावी लागे, त्यात शब्दांमधली मोकळी जागाही मोजली जायची. आई-वडिलांनी किंवा बायकोने लांबून पत्राने कळवलेले हे शब्द असतात.

वयाचे आकडे नक्की वाचा. १९, २०, २२ असे आकडे पुन्हा पुन्हा येतात.

काय करू नये?

दगडावर बसू नका, टेकू नका, बॅग किंवा मोबाइल ठेवू नका. उभा दगड मजबूत दिसतो, पण रोज कोणीतरी रेलल्याने तो हलतो.

दगडावर हळद-कुंकू, तेल किंवा खडू लावू नका. भावना चांगली असली तरी डाग दगडात मुरतात. अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून पाणी ओतणं किंवा नखाने, किल्लीने खरवडणंही नको.

फूल वाहायचं असेल तर साधं ताजं फूल ठेवा. प्लॅस्टिकची फुलं, पिशव्या, रिबिनी उन्हात तुटतात आणि गवत कापणाऱ्या यंत्रात अडकतात. उन्हाळ्यात मेणबत्ती किंवा उदबत्ती गवतात लावू नका. वाळलेलं गवत ठिणगीने पेटतं.

फोटो काढायचे असतील तर शांतपणे काढा. गाणं लावून रील, प्री-वेडिंग शूट, दगडांच्या रांगांमधून पळापळ हे सगळं टाळा. शेजारी कोणी आपल्या आजोबांच्या कबरीपाशी उभं असू शकतं. खडकी हा लष्करी छावणीचा भाग असल्यामुळे परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका.

मोडलेला दगड किंवा पुसट झालेलं नाव दिसलं तर स्वतः काही करू नका. फोटो काढा, रांग आणि क्रमांक लिहा आणि तिथल्या माळ्याला सांगा किंवा संस्थेला ईमेल करा.

आपल्या गावातल्या वीरगळांचं काय?

युद्धात पडलेल्यांसाठी दगड उभा करण्याची पद्धत आपल्याकडे या दफनभूमीपेक्षा कितीतरी जुनी आहे. मावळातल्या अनेक गावांत देवळाच्या आवारात वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवपिंडीची पूजा करणारा वीर, अशी त्यांची साधारण रचना असते. वर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. भोर तालुक्यात अंबवडे इथे कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत. त्या लोकांना माहीत आहेत, कारण त्या नावांनी ओळखल्या जातात. बहुतेक वीरगळांवर मात्र नाव नसतं, त्यामुळे ते आधी दुर्लक्षित होतात.

खडकीत जे नियम आहेत ते गुंजवणे किंवा भोर-वेल्ह्यातल्या कोणत्याही गावात तसेच लागू पडतात. वीरगळाला ऑइल पेंट किंवा चुना लावू नका. रंगाखाली ओल अडकते, पापुद्रे सुटतात आणि त्यांच्यासोबत कोरीव कामही निघतं. शेंदराचा जाड थर चढला की मूळ आकृती दिसत नाही. धुवायचं तर नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. देवळाचा जीर्णोद्धार चालू असेल तर जुने दगड पायात किंवा पायरीला जाणार नाहीत, एवढं लक्ष ठेवा. ते एका बाजूला, मातीपासून थोड्या उंचीवर, उभे करून ठेवता येतात. हलवण्याआधी मूळ जागेचा फोटो काढा आणि ग्रामपंचायतीला व पुरातत्त्व विभागाला कळवा.

सोशल मीडियावर टाकताना फोटोसोबत गाव, देवळाचं नाव, दगडाची उंची आणि त्यावर काय कोरलंय एवढं लिहा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या दगडाबद्दल काही आठवत असेल तर तेही लिहून ठेवा. खडकीतल्या सैनिकांची नावं आज वाचता येतात, कारण वेळेवर कोणीतरी ती यादीत लिहिली होती. शिवडीतून आणलेल्या ६२९ जणांना नव्या जागी नावानिशी ठेवता आलं तेही त्या यादीमुळेच.